वाकडी कलिंगडं आणि सकाळचे चार तास

मालवण तालुक्यात गड नदीच्या काठाला भातकापणी उरकली की कुणगे फार दिवस मोकळे राहत नाहीत. कोणी कुळीथ टाकतो, कोणी चवळी, आणि ज्याच्याकडे पाण्याची हमी आहे तो कलिंगड लावतो. डिसेंबरच्या तोंडावर बी पडलं की 30-35 दिवसांत फुलं दिसतात आणि 75-80 दिवसांत माल काढायला येतो. लवकर निघालेल्या मालाला रस्त्याकडेच्या मांडवातही चांगला दर मिळतो. उन्हाळा चढला आणि घाटावरचा माल उतरायला लागला की तो दर राहत नाही. म्हणून या पिकात एकेका आठवड्याला किंमत आहे.

हे प्रकरण अशाच एका एकरभर कलिंगडाचं आहे. शेतकरी पन्नाशी ओलांडलेले, गाव त्यांना तात्या म्हणतो. मी सातेरी मधमाश्यांच्या पेट्या सांभाळतो, पण मला बोलावणं आलं ते मधमाश्यांसाठी नव्हतं. तात्यांच्या सुनेनं फोनवर फळांचे फोटो पाठवले आणि विचारलं, हा कुठला रोग? देठाकडे बारीक, बुडाकडे फुगलेली, काही एका बाजूने चपटी. गेल्यावर तात्यांनी सगळी तक्रार एका दमात सांगितली : "फुलां मॉप इली, पण फळ धरना नाय. धरलां तां वाकडां."

त्या वर्षी त्यांनी हात आखडता घेतला नव्हता. संकरित बियाणं, मल्चिंग पेपर, ठिबक, ठिबकमधून विद्राव्य खतं. वेली जोमदार होत्या, पानं गर्द हिरवी. फळ धरत नाही म्हटल्यावर औषधाच्या दुकानातून आधी बोरॉन आलं, मग फुलं वाढवणारं टॉनिक आलं. फुलं खरंच वाढली. फळं तेवढीच राहिली.

बोरॉन चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. बोरॉन कमी पडलं तर परागनळी, म्हणजे परागकणातून आत बीजांडाकडे उतरणारी नळी, नीट वाढत नाही, फळधारणा घटते, हे खरंच आहे. पण पराग मुळात फुलावर पोचलेच नसतील, तर नळी वाढणार कशाची? दुकानात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि तो दुकानात विचारला जाण्यासारखाही नाही, कारण त्याचं उत्तर बाटलीत मिळत नाही.

फळ कापून पाहिलं

वाकडी फळं तोडून उभी चिरली. बुडाकडच्या फुगीर भागात बिया भरलेल्या, काळ्या होऊ लागलेल्या. देठाकडच्या बारीक भागात बियांच्या जागी पांढऱ्या, पोकळ, नखाएवढ्याही नसलेल्या साली. चपट्या फळांत तर सरळ भेद दिसत होता : ज्या बाजूला बी भरलं होतं ती बाजू फुगलेली, ज्या बाजूला नव्हतं ती बसलेली. सून ते पाहत होती. ती म्हणाली, "म्हणजे बी नाही तिथे गर नाही." एवढ्यात निम्मं निदान झालं.

वाढत्या बियांतून जी संप्रेरकं सुटतात त्यांच्या जोरावर भोवतीचा गर वाढतो. कलिंगडाच्या मादी फुलातला कुक्षी म्हणजे पराग झेलणारा भाग 3 पाळ्यांचा असतो. फळ सगळीकडून भरायचं तर तिन्ही पाळ्यांवर पराग सारखे पडावे लागतात, आणि तेही भरपूर : साधारण 500 ते 1000 परागकण. एका मधमाशीच्या एका फेरीत एवढं काम होत नाही. चांगल्या फळासाठी एका मादी फुलाला किमान 8 भेटी लागतात, असं या पिकावरचा अभ्यास सांगतो. भेटी कमी झाल्या तर फळ वाकडं होतं, अगदीच कमी झाल्या तर कळी, म्हणजे फुलाखालचं कोवळं फळ, पिवळी पडून गळते. तात्यांच्या प्लॉटमध्ये दोन्ही होत होतं.

यात वेळेचं गणित फार कडक आहे. कलिंगडाचं फूल सूर्योदयानंतर थोड्याच वेळात उमलतं, दुपारी मिटतं आणि पुन्हा उघडत नाही. मादी फुलाच्या हातात एकच सकाळ असते. नर फुलातले परागही पहाटेपासून सुटलेले असतात आणि ऊन तापेपर्यंत कमी होत जातात. खरं काम सूर्योदयानंतरच्या चार तासांत उरकतं. वेलीवर नर फुलं आधी आणि खूप जास्त येतात, मादी फुलं थोडी आणि मागून. त्यामुळे "फुलां मॉप" दिसणं फारसं काही सांगत नाही. मादी फूल ओळखायला सोपं आहे, पाकळ्यांखाली वाटाण्याएवढं केसाळ कलिंगड आधीच बसलेलं असतं.

पहाटेची पाहणी

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही प्लॉटच्या कडेला होतो. मादी फुलं निवडून त्यांच्या शेजारी काड्या रोवल्या आणि माशा मोजायला बसलो. तात्यांची नजर वेलीवर होती, माझी फुलांवर. अर्ध्या तासानंतर तेच म्हणाले की इतक्या वेळात एकही माशी या फुलावर बसली नाही. नंतर थोड्या आल्या. एक-दोन सातेरी, एक काळा भुंगा, आणि बांधाकडच्या वेलींवर पोयाच्या चिमुकल्या, नांगी नसलेल्या माश्या. मधल्या वेलींकडे जवळजवळ कोणीच फिरकलं नाही.

एक सातेरी मी बराच वेळ डोळ्यांनी धरून ठेवली. नर फुलात ती गोल फिरली, तोंड खाली घालून मधुरस प्यायली, आणि वर आली तेव्हा छातीवरची लव पिवळी झाली होती. उडता उडता तिने पायांनी ती लव विंचरली आणि पराग मागच्या पायांवरच्या टोपल्यांत दाबून बसवले. पुष्कळांना वाटतं की टोपलीतले परागच दुसऱ्या फुलाला मिळतात. तसं नाही. टोपलीतला लाडू मधुरसाने भिजवलेला असतो, तो वसाहतीतल्या पिल्लांच्या खाण्यासाठी आहे. फुलाच्या उपयोगी पडतात ते अंगाच्या केसांत चुकून राहिलेले कोरडे कण. ही माशी पुढे मादी फुलावर गेली, तिथेही मधुरस असतोच. कुक्षीवरून चालताना तिच्या पोटाकडचे कण तिथे लागले आणि ती निघाली. ही झाली एक भेट. अशा आठ-दहा हव्यात, आणि त्याही त्याच सकाळी.

सातेरीची दुसरी सवयही इथे कामाची आहे. एका फेरीत ती सहसा एकाच जातीच्या फुलांवर राहते. कलिंगडावर लागली की कलिंगडावरच. म्हणून तिच्या अंगावरचे पराग वाया जात नाहीत.

माशा कमी दिसल्या म्हणून दोष माशांचाच, असं लगेच ठरवणं बरोबर नव्हतं. म्हणून एक साधी चाचणी घेतली, जी कुठल्याही शेतकऱ्याला खर्चाशिवाय करता येते. काही मादी फुलांवर सुनेनं नर फुलं तोडून, पाकळ्या मागे दुमडून, परागकोश तिन्ही पाळ्यांवर हलके फिरवले आणि देठाला लाल दोरा बांधला. त्याच वेलींवरची तेवढीच फुलं न शिवता ठेवली, त्यांना पांढरा दोरा. वेल तीच, खत तेच, पाणी तेच. चार-पाच दिवसांत लाल दोऱ्याच्या बहुतेक कळ्या खाली वळून फुगू लागल्या. पांढऱ्या दोऱ्याच्या बऱ्याचशा पिवळ्या पडल्या. जमीन, खत, बियाणं यांच्यावरचा आळ तिथेच गेला. माल धरायची ताकद वेलीत होती, पराग नेणारं कोणी नव्हतं.

माश्या गेल्या कुठे?

याचं उत्तर एका कारणात मिळालं नाही, आणि चारही कारणांचं वजन सारखं नाही.

सगळ्यात मोठं कारण तात्यांच्या स्वतःच्या पंपात होतं. लाल भुंगे आणि फुलकिडे यांच्यासाठी ते फवारणी करत होते आणि ती सकाळी सात-साडेसातला सुरू होत होती. म्हणजे नेमकी फुलं उघडी, पराग ताजे, माश्या कामावर. त्यांनी हे मुद्दाम केलं नव्हतं. गडी सकाळी येतात, दहा-अकरानंतर दर्याकडचा वारा सुटतो आणि फवारा उडून जातो, म्हणून किनारपट्टीवर फवारणी सकाळचीच, ही पिढीजात समजूत आहे. भातासाठी ती चालून जाते, कारण भाताचं परागीभवन वाऱ्यावर आणि स्वतःच्या फुलातच होतं. वेलवर्गात मात्र ती सरळ मुळावर येते.

दुसरं कारण वरच्या अंगाला. प्लॉटच्या उताराला हापूसची कलमं आहेत आणि जानेवारीत तिथे मोहोर असतो. तुडतुडे मोहोरातला रस शोषतात, चिकटा पडतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि फळ हातचं जातं. त्यामुळे बागायतदाराने फवारणी टाळावी असं म्हणणं म्हणजे त्याने वर्षाचं उत्पन्न सोडून द्यावं असं म्हणणं आहे. मी ते म्हणत नाही. पण मोहोर पूर्ण उमललेला असताना सकाळी फवारा मारला की तो खालच्या कलिंगडावर उतरतोच, शिवाय आंब्याचंही नुकसान करतो. आंब्याच्या मोहोरावर मधमाश्यांपेक्षा माशीवर्गातले कीटकच जास्त काम करतात. हापूसच्या मोहोरात नर फुलांचा भरणा फार, नर-मादी दोन्ही भाग असलेली संयुक्त फुलं थोडी. त्या थोड्या फुलांपर्यंत पराग नेणारेच मेले तर मोहोर कितीही येऊन काय उपयोग?

तिसरं कारण तात्यांनी विचारल्यावर सांगितलं. रोपं लहान असताना रसशोषक किडींसाठी इमिडाक्लोप्रिड ठिबकमधून मुळाशी दिलं होतं. हे आंतरप्रवाही औषध झाडात भिनतं आणि पुढे मधुरसात व परागातही उतरतं. मारक प्रमाणात नसलं तरी माशीची वाट चुकणं, घरी परत न येणं असे परिणाम अभ्यासात दिसले आहेत. याच गटातली 3 औषधं, त्यात इमिडाक्लोप्रिडही आलं, युरोपीय संघाने 2018 मध्ये उघड्या शेतातून बंद केली. संध्याकाळी फवारा, म्हणजे काम झालं, असं जे सरसकट सांगितलं जातं ते या औषधांच्या बाबतीत अपुरं आहे. अंगावर पडून मारणाऱ्या औषधाला वेळ बदलून टाळता येतं. फुलातूनच येणाऱ्या औषधाला नाही.

चौथं कारण मला सगळ्यात जास्त लागलं. आदल्या उन्हाळ्यात तात्यांनी बांधावरचा जुना गडगा काढून तारेचं कुंपण घातलं होतं आणि कडेची झुडपं तणनाशकाने साफ केली होती. जांभ्या दगडांच्या गडग्याच्या फटींत पोयाची घरं असतात, मेणाच्या बारीक नळीसारखं दार बाहेर आलेलं. झुडपांत रानतुळस, लाजाळू, गेळा, कलिंगड फुलायच्या आधी आणि नंतर माश्यांना जगवणारी फुलं. त्यात भर म्हणून मल्चिंग पेपर. कोकणातल्या कितीतरी एकट्या राहणाऱ्या रानमाश्या उघड्या मातीत बीळ करून अंडी घालतात, त्यांना प्लास्टिकखाली जागा नाही. मल्चिंगने पाणी वाचतं आणि तण मरतं, ते काढा असं मी सांगितलं नाही. दोन गादीवाफ्यांमधली पट्टी मात्र उघडी ठेवायला सांगितली.

काय केलं

त्याच दिवशी सकाळची फवारणी थांबली. लाल भुंगे पहाटे गारठ्यात सुस्त असतात, ते हाताने वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकायचं काम तात्यांच्या घरच्या काकी आणि सून यांनी घेतलं. एकरभर प्लॉटला ते झेपतं, पाच एकराला झेपणार नाही. फळमाशीसाठी सापळे लावले. इथे एक गोष्ट शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावी : आंब्याच्या फळमाशीच्या सापळ्यात मिथाइल युजेनॉलचं आमिष असतं, वेलवर्गाच्या फळमाशीला क्यू-ल्यूर लागतं. तात्यांकडे आंब्याचे रक्षक सापळे होते, तेच त्यांनी कलिंगडात टांगले होते आणि माशी अडकत नाही म्हणून फवारणी वाढवली होती. जे औषध मारणं अगदी गरजेचं ठरलं ते सूर्य कलल्यावर, फुलं मिटल्यावर मारलं.

मग पेट्या. सातेरीच घेतली, कारण ती इथली आहे, सकाळी लवकर कामाला लागते आणि कोकणच्या दमट हवेला सरावलेली आहे. आणण्याआधी प्रत्येक पेटीतली पिल्लं तपासली. थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने 1991-92 च्या सुमारास दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहतींचा मोठा संहार केला होता. रोगट पेटी गावात आणली तर तिथल्या झाडांच्या ढोलीतल्या मोहोळांनाही तो लागू शकतो. पेट्या रात्री, दारं बंद करून, दुसऱ्या तालुक्यातून आणल्या. किलोमीटरभर अंतरावरून आणल्या असत्या तर कामकरी माश्या सकाळी जुन्या जागीच परत गेल्या असत्या.

वेळही जपून निवडली. फुलोरा सुरू झाल्याशिवाय पेट्या आणायच्या नाहीत. आधी आणल्या तर माश्या वरच्या काजूकडे वळतात. ज्या माशीला चारा सापडतो ती पोळ्यावर नाचून दिशा आणि अंतर सांगते, मग सगळी वसाहत तिकडे. एकदा काजूची वाट बसली की खालचं कलिंगड त्यांना दिसत नाही. इथे फुलोरा आधीच ऐन भरात होता, त्यामुळे हा प्रश्न आला नाही. पेट्या पूर्वेच्या बांधावर, फणसाच्या सावलीत, दार उगवतीकडे करून ठेवल्या. पहिलं ऊन दारावर पडलं की माश्या लवकर निघतात. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर हुमले, म्हणजे मुंग्या, एका रात्रीत पेटी रिकामी करतात.

तरीही एक वसाहत पळाली. सातेरीचं हे असं आहे : जाच झाला की ती सहन करत बसत नाही, मध पिऊन उठते आणि निघून जाते. त्या पेटीवर दुपारचं ऊन येत होतं आणि वेडे राघू तारेवर बसून दारातल्या माश्या टिपत होते. नवं तारेचं कुंपण त्यांना बसायला आयतं मिळालं होतं. बाकीच्या पेट्या आत सरकवल्यावर टिकल्या.

वरच्या बागायतदाराशी बोलणं हे सगळ्यात नाजूक काम होतं आणि ते तात्यांनीच केलं. तक्रार घेऊन गेले नाहीत. मोहोरावरच्या माशीवर्गातल्या कीटकांची गोष्ट आधी काढली, म्हणजे त्याच्या आंब्याची. बागेत नेपाळी कामगार मुक्कामाला असतात, त्यामुळे संध्याकाळी वारा पडल्यावर पंप चालवणं त्याला शक्य होतं. खाली बाहेरगावचे गडी असते तर हे जमलं नसतं. त्याने वेळ बदलली आणि फवारणीच्या आदल्या रात्री निरोप द्यायचं कबूल केलं. निरोप आला की फवारणीच्या दिवशी आम्ही पेट्यांची दारं संध्याकाळीच बंद करायचो, वर ओलं पोतं टाकायचो आणि दुसऱ्या सकाळी उशिराने उघडायचो. त्याच्या पलीकडची बाग मात्र सकाळीच फवारत राहिली.

निकाल

आठवडाभरात सकाळची वर्दळ डोळ्यांना दिसू लागली. मधल्या वेलींवरही. त्यानंतर उमललेल्या मादी फुलांची धारणा चांगली झाली आणि फळं गोल, सारखी भरत गेली. चिरल्यावर दोन्ही टोकांना बी काळं. आधीची वाकडी फळं लहानपणीच तोडून टाकली, म्हणजे वेलीची ताकद नव्या फळांना मिळाली. पण पहिल्या धारेची फुलं तर गेलीच होती. माल उशिरा निघाला आणि लवकरचा दर हुकला. पीक वाचलं, हंगामाचा नफा पूर्ण वाचला नाही.

श्रेय पेट्यांना किती आणि फवारणीची वेळ बदलण्याला किती, हे या प्रकरणावरून सांगता येणार नाही. दोन्ही एकाच आठवड्यात केलं आणि तुलनेसाठी प्लॉटचा तुकडा वेगळा ठेवला नाही. तात्यांचं पीक पणाला लावून प्रयोग करणं मला पटलं नाही. माझा अंदाज विचाराल तर वेळेचं पारडं जड आहे. पेट्या आल्यावर मोजताना पोयाच्या आणि रानमाश्यांच्या भेटीही वाढलेल्या दिसल्या, आणि त्या काही माझ्या पेटीतून आलेल्या नव्हत्या. पेटी भाड्याने आणता येते म्हणून फवारणी सकाळीच चालू ठेवायची, असा अर्थ कोणी काढला तर पेटी मरेल आणि फळही वाकडंच राहील.

पावसाळ्याआधी तात्यांनी पूर्वेच्या बांधाला तार तशीच ठेवून तिच्या पायथ्याशी जांभ्याचे सुटे दगड पुन्हा रचले, चुना-सिमेंट न लावता. कडेला शेवगा आणि करंज लावले. पुढच्या लावणीत इमिडाक्लोप्रिड मुळाशी द्यायचं नाही आणि किडीसाठी सुरुवातीला रोपांवर जाळीचं कापड घालायचं, फुलं आली की ते काढायचं, असं ठरलंय. कापड काढायचं विसरलं तर माश्या आतच येणार नाहीत, म्हणून ती तारीख सुनेनं कॅलेंडरवर मांडून ठेवली आहे.

राहिली आहे ती पलीकडची बाग. ती मालक स्वतः करत नाही, मोहोराच्या आधी कराराने देतो. फवारणी कधी आणि कशाची, हे करार घेणारा ठरवतो, आणि तो दर वर्षी बदलतो. यंदा ज्याच्याशी बोलणी झाली तो पुढच्या मोहोराला तिथे असेलच असं नाही. म्हणून तात्यांनी मालकालाच गाठलंय : मोहोर फुललेला असताना फवारणी दुपारी चारनंतर, ही एक ओळ कराराच्या कागदावर घाला. मालकाने अजून होकार दिलेला नाही. नोव्हेंबरात करार होतात, त्याआधी पुन्हा जायचं आहे.